जुन्या स्पोर्ट्स कारला कोणते टायर? नाशिककर मालकांचे नेहमीचे प्रश्न

वीस-पंचवीस वर्षांची गाडी. रविवारी सकाळी गंगापूर धरणापर्यंत, अधूनमधून त्र्यंबक किंवा वणीची चक्कर, बाकी दिवस कव्हरखाली. अशा गाडीला टायर घेताना रोजच्या गाडीचे निकष फारसे कामाचे नसतात. खालची उत्तरं साध्या रस्त्यावर चालवायच्या टायरबद्दल आहेत. रेस ट्रॅकचा विषय वेगळा.

जुनी स्पोर्ट्स कार म्हणजे कोणत्या गाड्या धरल्या आहेत?

पहिल्या पिढीची मर्सिडीज एसएलके, बीएमडब्ल्यू झेड-३ आणि झेड-४, पहिली ऑडी टीटी, गोव्यात बनलेली फायबर बॉडीची सॅन स्टॉर्म, कोणी हौसेने बाहेरून आणलेली माझदा एमएक्स-५. शिवाय होंडा सिटी व्हीटेक, फोर्ड आयकॉन १.६, पॅलिओ १.६, ऑक्टाव्हिया आरएस. यातल्या शेवटच्या चार कागदोपत्री सेडान नाहीतर हॅचबॅक आहेत, पण त्यांच्या मालकांना तसं तोंडावर सांगून पाहा. टायरपुरता तरी त्यांचा प्रश्न तोच आहे.

टायरवरच्या नक्षीची खोली अजून सहा मिलिमीटर शिल्लक आहे. तरी बदलायचे का?

टायरचं वय किती, त्यावर उत्तर आहे. अशा गाड्या वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालतात. त्या हिशेबाने नक्षी संपायला पंधरा-वीस वर्षं लागतील, पण रबर तेवढं थांबत नाही. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन रबराला आतून-बाहेरून कडक करत राहतात, गाडी उभी असली तरी. रबर मऊ राहावं म्हणून त्यात घातलेली तेलं हळूहळू निघून जातात. टायर दिसायला नवा, हाताला टणक आणि ओल्या रस्त्यावर निसरडा, अशी गत होते. कोरड्या रस्त्यावर, रमतगमत चालवताना हे कळत नाही. कसारा घाटात पावसात एकदम ब्रेक लावायची वेळ येते तेव्हा कळतं.

साधारण नियम असा: सहा वर्षं झाली की दरवर्षी टायरवाल्याकडून टायर उतरवून आतून-बाहेरून तपासून घ्यायचे. दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, काढायचे. बऱ्याच टायर कंपन्याही दहा वर्षांचीच मर्यादा सांगतात. माझं मत याहून थोडं कडक आहे. गाडी उघड्यावर, पत्र्याच्या शेडखाली उभी राहत असेल तर सात-आठ वर्षांनंतर त्या टायरवर घाट चढू-उतरू नये. नाशिकचा मे महिना आणि पत्र्याची शेड एकत्र आली की काय होतं ते डॅशबोर्डच्या प्लास्टिककडे बघूनही कळतं.

साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) किंवा नक्षीच्या खाचांच्या तळाशी बारीक भेगांचं जाळं दिसलं तर वय मोजत बसू नका.

टायर कधी बनला ते कसं कळतं?

साइडवॉलवर डीओटी अशी अक्षरं असतात. त्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चारऐवजी तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे. जुनी गाडी विकत घेताना स्टेपनीवर असे तीन आकडे सापडणं अजिबात दुर्मिळ नाही. मूळ गाडीबरोबर आलेली स्टेपनी कधी खाली उतरलेलीच नसते. तिच्यावर भरवसा ठेवून समृद्धी महामार्गावर जाऊ नका.

हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात. बाहेरून दिसले नाहीत तर ते आतल्या बाजूला आहेत. गाडीखाली मोबाइल धरून फोटो काढला की काम होतं.

नवीन टायर घेताना तारखेचा आग्रह किती धरायचा?

भरपूर. चालत्या साइजमध्ये सहा महिन्यांच्या आतला टायर सहज मिळतो. दुर्मिळ साइजमध्ये वर्ष-दीड वर्ष जुना चालवून घ्यावा लागतो. नीट सावलीत ठेवलेला असेल तर हरकत नाही. तीन वर्षांपूर्वीचा टायर ‘डिस्काउंट’ म्हणून पुढे केला तर लक्षात ठेवा, तुमची गाडी टायर झिजवत नाही, म्हातारा करते. त्यामुळे गेलेली तीन वर्षं तुमच्या खिशातून गेली.

ऑर्डर देतानाच सांगावं की चारही टायर एकाच वर्षाचे हवेत, आणि तारीख बघितल्याशिवाय रिमवर चढवायचे नाहीत. एकदा चढवले की परत करायचं अवघड होतं.

दुकानदार म्हणतो हा टायर साठ हजार किलोमीटर जातो. घ्यावा का?

रोज अंबड-सातपूर करणाऱ्या गाडीला जरूर घ्यावा. तुमच्या गाडीला त्याचा उपयोग नाही.

जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. जास्त चालणारा टायर बनवायला रबर तुलनेने कडक ठेवावं लागतं आणि त्याची किंमत बहुधा ओल्या रस्त्यावरच्या पकडीत मोजावी लागते. साठ हजार किलोमीटर पुरणारा टायर तुमच्याकडे वीस हजारही चालायच्या आत वयाने बाद होणार. म्हणजे जे आयुष्य तुम्ही वापरणारच नाही त्यासाठी पकड सोडून द्यायची, असा सौदा झाला. त्यापेक्षा पंचवीस-तीस हजार चालणारा, पण पावसात धरून ठेवणारा टायर घ्या. सात-आठ वर्षांनी टाकून देताना त्याची नक्षी अर्धी शिल्लक असेल आणि त्याची हळहळ वाटायचं कारण नाही.

काही टायरवर ट्रेडवेअर असा आकडा असतो: २००, ३२०, ५०० वगैरे. आकडा मोठा तर टायर जास्त चालणारा. पण तो आकडा कंपनीच स्वतःच्या चाचणीवरून देते, त्यामुळे एका कंपनीचा ३२० आणि दुसरीचा ३४० यांची तुलना करण्यात अर्थ नाही. एकाच कंपनीचे दोन टायर निवडताना मात्र तो उपयोगी पडतो. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारला साधारण ३००च्या आसपासचा टायर बरा. २०० किंवा त्याखालचे टायर ट्रॅककडे झुकलेले असतात. गरम झाल्यावर ते छान धरतात, पण त्यातल्या बऱ्याच टायरना साचलेलं पाणी आवडत नाही. गंगापूर रोडच्या सिग्नलना थांबत-थांबत ते गरम तरी कधी होणार?

साइडवॉलवरच्या बाकीच्या आकड्यांचं काय?

उदाहरणार्थ १९५/५० आर १५ ८२ व्ही. १९५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ५० म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या पन्नास टक्के, आर म्हणजे रेडियल, १५ इंचाचं रिम. ८२ हा वजनाचा निर्देशांक: एका टायरला ४७५ किलो. शेवटचं अक्षर वेगमर्यादेचं. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०.

वजनाचा निर्देशांक आणि वेगाचं अक्षर, दोन्ही मूळ टायरपेक्षा खाली जाऊ देऊ नका. ‘आपल्याला कुठे दोनशेने पळवायचंय’ हा युक्तिवाद दुकानात नेहमी ऐकू येतो. पण वरच्या अक्षराचा टायर जास्त उष्णता सोसायच्या हिशेबाने बांधलेला असतो आणि वळणावर कमी डुलतो. गाडीचं सस्पेन्शन तशाच टायरवर जुळवलेलं आहे.

रुंद टायर टाकले तर पकड वाढेल ना?

कोरड्या रस्त्यावर थोडी वाढेलही. पण जुन्या गाडीत त्याबरोबर काय काय येतं ते आधी ऐका.

टायर रुंद केला म्हणून जमिनीला टेकणारं क्षेत्रफळ त्याच प्रमाणात वाढत नाही. गाडीचं वजन तेच, हवा तेवढीच, म्हणून क्षेत्रफळही जवळजवळ तेवढंच राहतं. फक्त त्याचा आकार बदलतो: आधी लांबट होतं ते आडवं होतं. आडव्या आकाराला पाणी बाजूला सारायला जास्त कष्ट पडतात, त्यामुळे पावसात गाडी पाण्यावर तरंगायला लवकर लागते. पॉवर स्टिअरिंग नसेल तर पार्किंगमध्ये हात भरून येतात. ट्रकनी चाकोऱ्या पाडलेल्या रस्त्यावर स्टिअरिंग आपोआप इकडेतिकडे ओढलं जातं. पंचवीस वर्षांच्या बेअरिंग आणि सस्पेन्शनच्या रबरी बुशवर जास्तीचा ताण येतो. आणि सगळ्यात नकोशी गोष्ट अशी की टायरची पकड सुटायचा क्षण उशिरा पण अचानक येतो. या गाड्यांपैकी बऱ्याच जणींत ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागच्या जागी फिरू न देणारी यंत्रणा) नाही, काहींत एबीएससुद्धा नाही. त्यांना हळूहळू, सूचना देऊन सुटणारा टायर हवा. मूळच्या माफक रुंदीच्या टायरवर ही गाडी साठच्या वेगातही मजा देते. रुंद टायरवर तीच मजा शोधायला शंभरच्या वर जावं लागतं आणि आपल्या घाटात शंभरला जागा कुठे आहे?

मूळ रुंदीपेक्षा एक पायरी वर, म्हणजे १८५ वरून १९५, इथवर माझी हरकत नाही. त्यापुढे नको. रिमची रुंदी त्या टायरला चालते का तेही बघायला हवं. १९५/५० आर १५ साठी साधारण साडेपाच ते सात इंच रुंदीचं रिम लागतं.

एक इंच मोठं रिम टाकायचं असेल तर?

बाहेरचा व्यास तोच राहिला पाहिजे, हे पहिलं. हिशेब कागदावर करता येतो. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ची मूळ साइज १८५/६० आर १४. साइडवॉल १८५ च्या ६० टक्के, म्हणजे १११ मिलिमीटर. ती वर आणि खाली अशी दोनदा, अधिक १४ इंचाचं रिम म्हणजे ३५५.६. एकूण ५७७.६. आता १९५/५० आर १५ घेतला तर ९७.५ दोनदा अधिक ३८१, म्हणजे ५७६. फरक दीड मिलिमीटरचा, काही बिघडत नाही. पुढच्या पिढीत कंपनीनेच ही साइज दिली होती. पण १९५/५० मिळाला नाही म्हणून दुकानदाराने १९५/५५ आर १५ दाखवला, तर व्यास ५९५.५ होतो. तीन टक्के जास्त. स्पीडोमीटर कमी वेग दाखवणार, गिअर लांब झाल्यासारखे वाटणार आणि पूर्ण वळवल्यावर टायर फेंडरच्या आतल्या अस्तराला घासू शकतो.

दुसरी गोष्ट ऑफसेटची, म्हणजे रिमची हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर दूर आहे त्याची. रिमवर ईटी ३८, ईटी ४५ असं कोरलेलं असतं. मूळ रिमपेक्षा हा आकडा बराच कमी असेल तर चाक बाहेर येतं. दिसायला दणकट, पण खड्ड्यात एक चाक गेलं की स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. बोल्टांमधलं अंतर जुळलं तरी मधलं भोक मोठं असेल तर ती फट भरणारी हब रिंग लावावी, नाहीतर ऐंशीच्या पुढे थरथर सुरू होते आणि बॅलन्सिंग कितीही केलं तरी जात नाही.

तिसरी गोष्ट रस्त्यांची. सिंहस्थाच्या कामांनी शहरातले कितीतरी रस्ते उकरलेले आहेत. रंग न दिलेले गतिरोधक तर आपल्याकडे कायमचेच. पातळ साइडवॉल असेल तर अशा जागी पहिला मार रिमला बसतो. जुन्या, आता न मिळणाऱ्या रिमला बाक आला की तो सरळ करणारा चांगला कारागीर शोधत फिरावं लागतं. माझी पसंती मूळ इंचालाच.

माझ्या साइजचा चांगला टायर बाजारात मिळतच नाही. काय करू?

ही तक्रार खरी आहे आणि तिला कारण आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरवर आयएस १५६३३ या मानकाप्रमाणे आयएसआय चिन्ह असावं लागतं. त्यात जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात मुक्त यादीतून काढून प्रतिबंधित यादीत टाकली, म्हणजे परवान्याशिवाय आणता येत नाही. देशात बनणाऱ्या टायरच्या साइज इथे खपणाऱ्या गाड्यांवरून ठरतात. १४ आणि १५ इंचात उंच साइडवॉलचे, काटकसरी टायर ढिगाने आहेत. त्याच इंचातले बुटके, स्पोर्टी टायर शोधावे लागतात.

मार्ग तीन. एक, तुमची साइज एखाद्या चालू किंवा नुकत्याच बंद झालेल्या सेडानला होती का ते बघा. २०५/५५ आर १६ असेल तर नशीब चांगलं. कोरोला, सिव्हिक, ऑक्टाव्हिया यांच्यामुळे त्यात चांगले पर्याय मिळतात. दोन, तुमच्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिएंटला कंपनीने कोणती साइज दिली होती ते मॅन्युअलमध्ये शोधा. हा रस्ता सगळ्यात सुरक्षित, कारण कंपनीने ती जुळवून बघितलेली असते. तीन, मुंबई-पुण्यात महागड्या गाड्यांचे टायर ठेवणारे मोठे डीलर आहेत, त्यांच्याकडे मागणी नोंदवून थांबायचं. पावसाळ्यासाठी हवे असतील तर फेब्रुवारीतच फोन करा.

एसएलकेवाल्यांची अडचण वेगळी. त्यांच्या बऱ्याच गाड्यांना पुढे २०५/५५ आर १६ आणि मागे २२५/५० आर १६ असतो. पुढचा कुठेही मिळतो, मागच्यासाठी वणवण. मग चारही २०५ टाकावेत का? दोन्हींचा व्यास जवळपास सारखाच आहे, त्यामुळे गाडी चालेल. पण मागच्या चाकांवर जोर असलेल्या गाडीला कंपनीने मागे रुंद टायर दिला तो मागचा भाग शांत राहावा म्हणून. तो अरुंद केला की ओल्या वळणावर शेपूट आधी सुटायची शक्यता वाढते. मी तरी वाट बघेन.

‘जपानी सेकंड हँड’ टायर मात्र कितीही चकाकत असले तरी नकोत. आधीच्या मालकाने त्यांचं काय केलं ते कळायला मार्ग नाही, आणि वयाचा मुद्दा वर आलाच आहे. रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्यावर नवी नक्षी चढवलेल्या टायरचं तर नावच काढू नका.

सातपूरला सिएटचा कारखाना आहे. तिथून काही जमेल का?

टायर नाशिकमध्ये बनतो म्हणजे तुमच्या साइजचा बनतो असं नाही. डीलरकडेच जा.

मग कोणत्या कंपनीचा घ्यायचा?

नावापेक्षा आधी साइज, मग तारीख, मग टायरचा स्वभाव. स्वभाव म्हणजे कंपनीने तो कशासाठी बनवलाय. मिशेलिनची पायलट स्पोर्ट, ब्रिजस्टोनची पोटेन्झा, योकोहामाची ॲडव्हान, कॉन्टिनेंटलची मॅक्सकॉन्टॅक्ट या मालिका पकडीकडे झुकलेल्या. प्रायमसी, टुरान्झा, अल्ट्राकॉन्टॅक्ट या आरामाकडे, पण पावसात विश्वासू. तुमच्या साइजमध्ये पहिल्या गटातला ताजा टायर मिळाला तर उत्तम. नाहीतर दुसऱ्या गटातला ताजा टायर हा पहिल्या गटातल्या चार वर्षं पडून असलेल्या टायरपेक्षा केव्हाही चांगला. १४ इंचात पर्याय आणखी कमी, तिथे एमआरएफ, अपोलो, सिएट यांच्या एच अक्षराच्या टायरमधून निवडावं लागतं आणि त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. आयकॉन किंवा पॅलिओला ते नीट शोभतात.

चारही टायर एकाच मॉडेलचे हवेत. पुढे एक, मागे दुसरं हे जुन्या, हलक्या गाडीत फार जाणवतं.

नाशिकच्या पावसाचा विचार किती करायचा?

शहरात वर्षाला साधारण सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. पंचेचाळीस किलोमीटरवरच्या इगतपुरीत तीन हजारांच्या वर. म्हणजे पाथर्डी फाट्यावर वायपर बंद असतो आणि घोटी ओलांडली की समोरचं दिसत नाही. त्र्यंबककडेही तोच प्रकार. पावसाळी ढगात गाडी बाहेर काढायची हौस असेल तर टायर पावसासाठीच निवडा, कोरड्या रस्त्याला तो पुरून उरेल.

नक्षीत लांबीच्या दिशेने जाणाऱ्या खोल, सरळ खाचा बघा. पाणी त्यातूनच निघतं. कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते आणि खाचांमध्ये तेवढ्या उंचीचे छोटे उंचवटे ठेवलेले असतात. पण पाण्याच्या दृष्टीने तीन मिलिमीटरलाच टायर संपला असं धरा. खोली मोजायचं साधन स्वस्तात मिळतं, ते डिकीत असावं.

पहिल्या सरींचे दिवस सगळ्यात वाईट. उन्हाळाभर साचलेली धूळ, तेल आणि रबराचा भुगा पाण्याबरोबर वर येतो आणि मुंबई नाक्याच्या वळणावरही गाडी घसरते. शेतातून निघालेले ट्रॅक्टर रस्त्यावर चिखल सोडतात तोही धरा: निफाड-पिंपळगावकडे द्राक्षाच्या हंगामात, आणि अवकाळी आला तर भर मार्चमध्ये. त्यावर कुठलाच टायर चालत नाही, वेग कमी करायचा.

ऑल-सीझन किंवा विंटर टायर घ्यावे का?

नको. विंटर टायरचा फायदा सुरू होतो तापमान सातच्या खाली गेल्यावर. निफाडला काही पहाटे तसं होतं, पण तेवढ्यासाठी कोणी टायर बदलत नाही.

सध्या दोनच टायर घेणं परवडतं. पुढे टाकू की मागे?

नवे मागे. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असो की मागच्या. पुढचा टायर सुटला तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की बहुतेक वेळा सावरते. मागचा सुटला तर गाडी फिरते. बऱ्याच जुन्या गाड्यांत ते सावरणारं इलेक्ट्रॉनिक काही नाही. पण शक्य असेल तर दोन महिने थांबा आणि चार एकदम घ्या. एवढ्या कमी चालणाऱ्या गाडीत दोन टायर वेगळ्या वयाचे असले की पुढची दहा वर्षं तो घोळ सुरू राहतो.

हवा किती ठेवायची?

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो, तोच आकडा. जुन्या हलक्या गाड्यांत तो आजच्या मानाने खूप कमी वाटतो. पहिल्या एमएक्स-५ला २६ पीएसआय आहे. पंपावरचा मुलगा विचारण्याआधीच पस्तीस भरून मोकळा होतो, त्यामुळे गाडी प्रत्येक खड्ड्यावर उडते आणि मालक म्हणतो सस्पेन्शन गेलं.

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. तापमान पाच-सहा अंशांनी बदललं की साधारण एक पीएसआयचा फरक पडतो. डिसेंबरच्या पहाटे दहा अंशाला भरलेली हवा मेच्या दुपारी उभ्या गाडीतही पाच पीएसआय जास्त दाखवेल. ती काढायची नाही. त्याऐवजी ऋतू बदलला की पुन्हा सकाळी बघायचं. टायरवर एक्सएल (जास्त वजन पेलणारा) लिहिलं असेल तर त्याला मूळ आकड्यापेक्षा थोडी जास्त हवा लागू शकते, घेताना विचारून घ्या.

नायट्रोजनबद्दल विचाराल तर, साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच. फुकट मिळत असेल तर भरा.

समृद्धीवर जुनी गाडी न्यायची आहे. टायरसाठी काही वेगळं?

गोंदे किंवा भरवीरहून चढलात की पुढे काँक्रीटचा सरळ रस्ता, मर्यादा १२०, आणि तासन्‌तास एकच वेग. टायरला थंड व्हायला उसंत नाही. हवा कमी असेल तर साइडवॉल सतत वाकत राहतो, त्यातून उष्णता तयार होते आणि जुनं रबर नेमकं तिथेच सोडतं. परिवहन विभागाने २०२३ मध्ये या महामार्गाच्या प्रवेशावर टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या, ते उगीच नव्हे. आठ वर्षांवरचे टायर असतील तर समृद्धीवर जाऊच नका. उन्हाळ्यात समृद्धीवर निघायचं तर पहाटे.

माझ्या झेड-४ला रन-फ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे टायर) आहेत. तेच घ्यावे लागतील?

गरज नाही. रन-फ्लॅटची साइडवॉल इतकी कडक असते की आपल्या रस्त्यांवर त्या गाडीचा खुळखुळा होतो. साधे टायर टाकल्यावर ती गाडी निम्म्याने शहाणी वाटते. पण तिच्यात स्टेपनी नाही. त्यामुळे पंक्चर किट आणि बारा व्होल्टचा पंप डिकीत कायम हवा, आणि साइडवॉल फाटली तर टो-व्हॅनशिवाय इलाज नाही हे मान्य करून घ्या.

नवे टायर टाकूनही गाडी एका बाजूला ओढते. टायर खराब आले का?

बहुधा नाही. टायर टाकायच्या आधी खालचे आर्म बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड तपासायला हवे होते. बुश फाटलेले असताना केलेलं अलाइनमेंट दुकानाबाहेरच्या पहिल्या गतिरोधकापर्यंत टिकतं. क्रम असा: आधी बुश, मग टायर, मग अलाइनमेंट. ज्या गाड्यांना मागेही कँबर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचा आत-बाहेरचा रोख) जुळवता येतो, त्यांचं चारही चाकांचं अलाइनमेंट करून घ्या आणि मशीनवरचा छापील कागद मागा. त्या मशीनमध्ये तुमच्या जुन्या मॉडेलचे आकडे नसतील तर ते मॅन्युअलमधून द्यावे लागतात. ‘सगळ्यांना हेच लागतं’ म्हणणाऱ्याकडून गाडी परत आणा.

टायर बसवताना आणखी दोन गोष्टी बघा. जुन्या अलॉयच्या कडेला जिथे टायर बसतो तिथे पांढरट गंज धरलेला असतो, तो घासून साफ केला नाही तर हवा आठवड्याला दोन-तीन पीएसआयने उतरत राहते. आणि बोल्ट एअर गनने कचकचून आवळू देऊ नका. ठरावीक जोरानेच आवळणारा टॉर्क पाना वापरायचा, आकडा मॅन्युअलमधला, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासायचे. व्हॉल्व्हही नवे घ्या, काही रुपयांची गोष्ट आहे.

सुरुवातीचे दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून चालवा. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा थर असतो, तो झिजेपर्यंत पकड पूर्ण येत नाही.

गाडी दोन-दोन महिने उभी असते. टायर चपटे होतात, त्याला काय करू?

उभी करताना चार-पाच पीएसआय जास्त भरा आणि पंधरा दिवसांनी गाडी हातभर पुढे-मागे करा. पहिल्या काही किलोमीटरची थरथर टायर गरम झाल्यावर जात असेल तर चिंता नको. जात नसेल तर चपटेपणा कायमचा झाला. चाकांवर कव्हर घालून ऊन अडवा. टायर चमकवायची तेलकट पॉलिश शक्यतो लावू नका, ती उडून बॉडीवर डाग पडतात ते वेगळंच.

पंक्चर काढून वापरलेला टायर चालतो का?

खिळा नक्षीच्या मधल्या भागात असेल आणि भोक सहा मिलिमीटरपर्यंत असेल तर चालतो, पण टायर रिमवरून उतरवून आतून मशरूम पॅच (भोक आणि आतली बाजू दोन्ही बुजवणारा) लावलेला हवा. रस्त्याकडेला बाहेरून घुसवलेली दोरी ही घरी पोहोचण्यापुरती. खांद्यावर किंवा साइडवॉलला पंक्चर असेल तर टायर संपला. साइडवॉलवर फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेत, त्यावर गाडी घाटात नेऊ नका.

पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणात टायर बघतात का?

बघतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी गाडी पेठ रोडवरच्या आरटीओत दाखवावी लागते. गुळगुळीत टायरवर जाऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनमानी बदल करता येत नाहीत, त्यामुळे फेंडरबाहेर आलेली चाकं घेऊन गेलात तर अडचण ओढवून घ्याल. कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्या साइजपैकीच साइज असेल तर मॅन्युअलचं ते पान बरोबर ठेवा. विम्याच्या दाव्याच्या वेळीही तेच पान कामाला येतं.

काढलेल्या जुन्या टायरचं काय करायचं?

दुकानदाराकडेच द्या. टायरच्या भंगाराच्या विल्हेवाटीची जबाबदारी २०२२ पासून नियमाने उत्पादकांवर आहे आणि भंगार पुढे जायची साखळी डीलरकडूनच सुरू होते. देण्याआधी मात्र समोर उभं राहून प्रत्येकाच्या साइडवॉलला चाकूने आरपार चीर मारून घ्या. सहा मिलिमीटर नक्षी असलेला बारा वर्षांचा टायर फेकून द्यायला कोणाचाही हात आखडतो. पॉलिश मारून तो परत रस्त्यावर येऊ शकतो.